स्टेअरिंगची खडखड: पार्ट बदलण्याआधी जागा शोधा

प्रश्न: जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. शाळा मोहोळजवळ, त्यामुळे आठवड्यातले सहा दिवस पुणे हायवेवरून स्वतः गाडी चालवत जाणं-येणं. गाडी छोटी, नऊ वर्षांची, दिरांकडून घेतलेली. तीन महिन्यांपासून स्टेअरिंग खडखडतं. त्या लिहितात, "हायवेला लागलं की गाडी एकदम गप्प. घराजवळच्या उखडलेल्या रस्त्यावर आले की डब्यात खिळे भरून कुणीतरी हलवतंय असं वाटतं. स्पीडब्रेकरवर मात्र आवाज येत नाही." दोनदा अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून झालं, फरक शून्य. वडिलांचे जुने स्नेही असलेल्या गॅरेजवाल्या काकांनी 'रॅक गेला' (रॅक म्हणजे पुढची चाकं वळवणारी दात्यांची आडवी दांडी) म्हणून १८ हजारांचा अंदाज दिला. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये 'जुनी गाडी आहे, वाजणारच' असं सांगितलं. पती पुण्यात नोकरीला असतात, शनिवारी येतात. त्यांचं म्हणणं, विकून टाकू आणि कर्ज काढून नवी घेऊ. "मला गाडीतलं काही कळत नाही. काकांना सोडून दुसरीकडे गेले तर बाबांना वाईट वाटेल. आणि रोज हायवेला भीती वाटते की स्टेअरिंग हातात येईल. रॅक बदलू, गाडी विकू की दुर्लक्ष करू?"

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी माझं अजिबात जमत नाही. 'मला गाडीतलं काही कळत नाही' हे ते वाक्य. हायवेवर गप्प, खड्ड्यांत खडखड, स्पीडब्रेकरवर पुन्हा गप्प, हे तुम्ही न विचारता लिहिलंत. मी बावीस वर्षं आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवलं, आणि त्यांतल्या निम्म्या वेळा मुलांना एवढंच सांगत होतो की गिऱ्हाइकाला आधी विचारा, आवाज कधी येतो आणि कधी येत नाही. त्याचं उत्तर तुम्ही आयतंच दिलंय. दोन्ही गॅरेजच्या निदानापेक्षा मला तुमच्या त्या तीन ओळी जास्त मोलाच्या वाटतात.

आता स्टेअरिंगबद्दल. हाताला खडखड लागते म्हणून बिघाड हाताजवळ आहे असं आपण धरून चालतो. तुमच्या हातातल्या चाकापासून खाली कॉलम, त्याच्यापुढे सांध्यांचा शाफ्ट, मग रॅक, रॅकच्या दोन्ही टोकांना चाकं ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या दांड्या, म्हणजे टाय रॉड, आणि शेवटी पुढची चाकं, अशी ही सलग लोखंडी साखळी आहे. त्याच चाकांना खालून धरणारा लोअर आर्म, शॉकॲब्सॉर्बर, लिंक रॉड आणि ब्रेकही जोडलेले. यांतलं काहीही सैल झालं की त्याचा ठोका साखळीवरून चढत तुमच्या तळहातापर्यंत येतो. सोलापूरच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये सगळे माग एकदम चालू असताना नवख्याला नुसता खटखटाट ऐकू येतो. मागांची देखभाल करणारा मुरलेला जॉबर मात्र दारातून आत येता येता सांगतो की कोपऱ्यातल्या मागाचं काहीतरी सैल झालंय. तो आवाज किती मोठा आहे हे बघत नाही, ठोका कुठल्या चालीवर पडतोय ते बघतो. गाडीलाही तोच कान लावायचा.

तुमचा पुरावा काय सांगतो ते बघू. सपाट रस्त्यावर ऐंशी-शंभरच्या वेगाला स्टेअरिंग थरथरत असतं तर बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा फुगा आलेला टायर असा संशय घेतला असता. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरलं असतं तर ब्रेकची डिस्क बघितली असती. तुमच्याकडे यातलं काहीच नाही. म्हणून दोनदा केलेल्या अलाइनमेंट-बॅलन्सिंगचा उपयोग झाला नाही, आणि तिसऱ्यांदा करून होणार नाही. अलाइनमेंट गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेनं झिजत असेल तर करायची असते. सैल सांध्याला अलाइनमेंटने काही होत नाही. उलट सांधा सैल असताना केलेली अलाइनमेंट टिकतही नाही.

स्पीडब्रेकरवर आवाज नाही, हा सगळ्यात बोलका भाग. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या स्पीडब्रेकरवर दोन्ही पुढची चाकं एकदम वर जातात आणि एकदम खाली येतात. उखडलेल्या रस्त्यावर मात्र डावं चाक वर तर उजवं खड्ड्यात, असं चालतं. या दोन्ही चाकांना जोडणारा एक आडवा लोखंडी बार असतो, स्टॅबिलायझर बार. दोन्ही चाकं सोबत हलली की तो पिळला जात नाही, एकेक हललं की पिळला जातो. हा बार दोन्ही बाजूंना ज्या दांड्यांनी जोडलेला असतो त्यांना गॅरेजमध्ये लिंक रॉड म्हणतात. लिंक रॉडचे सांधे झिजले की नेमकी तुम्ही सांगता तशी खडखड होते: कमी वेग, खराब रस्ता, एकेक चाक आपटणं. म्हणून माझा पहिला संशय लिंक रॉडवर, त्याच्या मागोमाग बार धरणाऱ्या रबरी बुशवर, म्हणजे रबराच्या गादीवर. आणि या वस्तू शेकड्यांच्या हिशेबातल्या आहेत, काकांचा आकडा हजारांतला आहे.

संशयच म्हणतोय मी, निकाल देत नाही. पत्रावरून निकाल देणारा माणूस आणि गाडी न चालवता रॅक गेला म्हणणारा माणूस यांत मग फरक तो काय राहिला? खात्री तुम्हाला करायची आहे, आणि ती करणं तुम्हाला जमेल.

रविवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली असताना सुरुवात करा. आधी गाडी रिकामी करा. डिकीतला जॅक, पाना, स्टेपनी घट्ट आहे का बघा. किल्लीला जाडजूड जुडगा असेल तर तो काढून नुसती किल्ली लावून एक फेरी मारा. खराब रस्त्यावर तो जुडगा कॉलमच्या प्लॅस्टिकवर आपटत राहतो, आणि बसलेल्या माणसाला वाटतं स्टेअरिंग वाजतंय. हे फार साधं वाटतं, पण बघायला मिनिटही लागत नाही, म्हणून ते आधी. मग कॉलमचं कव्हर, हॉर्नचं पॅड यांना हाताने थोपटून बघा. स्टेअरिंग वर-खाली करायचा दांडा असेल तर तो घट्ट करून बघा. हॉर्नचं पॅड सैल वाटलं तरी ते स्वतः उघडायला जाऊ नका, त्याच्या मागे एअरबॅग असू शकते.

त्यानंतर गाडी उभी ठेवून, इंजिन चालू ठेवून, स्टेअरिंग सरळ असताना दोन-तीन बोटं डावी-उजवी असं भरभर हलवा. काच खाली ठेवा आणि पतींना बाहेर चाकापाशी उभं करा. इथेच ठक-ठक आली तर संशयाची दिशा बदलते: कॉलमच्या खालचा शाफ्टचा सांधा, टाय रॉड, किंवा खरोखरच रॅक. इलेक्ट्रिक स्टेअरिंगच्या काही गाड्यांत कॉलमवरच्या मोटरपाशी रबराचं एक छोटं कपलिंग असतं. ते झिजून त्याचा चुरा झाला की अगदी असाच टकटक आवाज पायांच्या वरच्या बाजूने येतो, आणि तेवढं कपलिंग बदलून काम होतं. उभ्या गाडीत काहीच आवाज आला नाही तर रॅकवरचा आरोप बराच हलका झाला असं समजा.

आता त्या उखडलेल्या रस्त्यावर पंधरा-वीसच्या वेगाने जा. आवाज सुरू झाला की डाव्या-उजव्या कुठेही न वळता ब्रेक अगदी हलका, नुसता पाय टेकवल्यासारखा दाबा. आवाज त्याच क्षणी बंद झाला तर ब्रेक पॅड किंवा ते पॅड दाबणाऱ्या कॅलिपरची पिन सैल आहे. चालूच राहिला तर ब्रेक सुटला. मग नेहमीचा स्पीडब्रेकर तिरका घ्या, म्हणजे आधी एक चाक चढेल आणि मग दुसरं. मागे-पुढे कुणी नाही हे बघूनच करा. सरळ जाताना गप्प असलेली गाडी तिरकी जाताना वाजली, तर लिंक रॉडवरचा संशय आणखी पक्का.

शेवटी हाताने बघायचं. सपाट जागेवर गाडी उभी करा, स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात, हँडब्रेक ओढलेला. जॅक लावायचा नाही. वळलेल्या चाकाच्या मागच्या बाजूला आता जागा मोकळी होते. आत शॉकॲब्सॉर्बरच्या नळीला एका बाजूने जोडलेली, बोटाएवढ्या जाडीची, वीतभर किंवा जरा जास्त लांबीची उभी दांडी दिसेल. दोन्ही टोकांना सुपारीएवढा सांधा आणि त्यावर रबरी टोपी. ही लिंक रॉड. नुसता हात लावून काही कळत नाही. दांडी मधोमध मुठीत धरायची आणि आत-बाहेर जोरात हिसका द्यायचा. सांधा चांगला असेल तर दांडी बारासकट एकजीव वाटते. झिजलेला असेल तर बोटांना बारीक ठक लागतो, दाराची सैल कडी हलवल्यावर लागतो तसा. टोपी फाटलेली असेल आणि तिच्या भोवती ग्रीस व धुळीचं काळं वाळलेलं लिंपण असेल तर ते कधीपासून चालू आहे तेही कळतं. दुसऱ्या बाजूलाही हेच करून दोन्हींची तुलना करा. काही छोट्या गाड्यांत ही वेगळी दांडी नसते, बार सरळ लोअर आर्ममध्ये बुशने बसवलेला असतो. तसं असेल तर ते बुश बघायचे.

चारही चाकं जमिनीवर ठेवूनच हे का करायचं, तेही सांगतो. एकच बाजू जॅकवर उचलली की स्टॅबिलायझर बार पिळला जातो, त्याच्या ताणाने सैल सांधा एका बाजूला दाबून बसतो आणि हलवला तरी घट्ट लागतो. मेकॅनिक एक चाक उचलतो, दांडी हलवतो आणि 'लिंक रॉड ठीक आहे' म्हणून पुढे जातो. मग संशयाची गाडी लोअर आर्मवरून शॉकॲब्सॉर्बरवर आणि तिथून रॅकवर जाते. हे मी सांगोवांगीचं सांगत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीला एका गॅरेजमध्ये दोन्ही लोअर आर्म बदलले, आणि पैसे देऊन निघालो तो तुळजापूरच्या घाटात पुन्हा तीच खडखड. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलांना गाडी खाली ठेवूनच तपासायला लावली. उजवीकडच्या लिंक रॉडवर बोट ठेवलेला मुलगा ओरडला, "सर, इथं खेळतंय!" काढलेल्या लोअर आर्ममध्ये काहीही खराब नव्हतं. तेव्हापासून लिंक रॉड बघताना जॅक लावायचा नाही हे माझ्या वर्गात पाठ करून घेतलं जायचं.

जॅकचं काम वेगळं आहे, आणि ते तुमच्या भीतीशी जोडलेलं आहे. स्टेअरिंग हातात येईल का, असं तुम्ही विचारलंत. लिंक रॉड वाजते म्हणून स्टेअरिंगचा ताबा जात नाही. वळणावर गाडी थोडी जास्त झुकते, एवढंच. पण टाय रॉडचा सांधा किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट (चाकाकडचा गोळ्याचा सांधा) पार झिजून सुटला तर चाक आपल्या मनाने वळतं किंवा आडवं पडतं, आणि हायवेवर ते जिवावरचं आहे. म्हणून आवाज लिंक रॉडचा असो की आणखी कशाचा, या दोन गोष्टी याच आठवड्यात बघून घ्या, आणि त्या गॅरेजमध्येच बघा. घरच्या जॅकवर गाडी उचलून खाली हातपाय घालणं नको. चाक उचलून, खाली स्टँड लावून, टायर डाव्या-उजव्या कडेला, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवतात. खेळ, म्हणजे सैलपणा, लागला तर टाय रॉडचा बाहेरचा सांधा (टाय रॉड एंड) किंवा आतला (रॅक एंड). मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवतात. इथे खेळ लागला तर दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरायचा: खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. दोन्ही चाकांचं मिळून हे अर्ध्या तासाचं काम आहे. सोबत चाकांचे नट पान्याने बघून घ्या. बॅलन्सिंगला चाकं दोनदा निघालेली आहेत, तेवढं कारण पुरे आहे.

या तपासणीत खेळ सापडला, किंवा मधल्या काळात स्टेअरिंग सरळ असताना ते दोन-तीन बोटं फिरवूनही गाडी दाद देत नाही असं झालं, किंवा वळणानंतर ते आपणहून मागे येईनासं झालं, तर दुरुस्तीपर्यंत मोहोळला एसटीने जा. यात मी घासाघीस करणार नाही.

काकांबद्दल. त्यांनी तुम्हाला फसवलं असं मला वाटत नाही, आणि तुम्हीही तसं मनात धरू नका. आपल्याकडे गॅरेजवाल्याला दुखणं शोधण्याचे पैसे कुणी देत नाही. तासभर गाडी चालवली, खाली शिरला, चार सांधे तपासले आणि शंभर रुपयांचा बोल्ट घट्ट केला, तर आपण विचारतो, "एवढ्याशा कामाचे एवढे?" मग तो बिचारा शोधायचा वेळ वाचवतो आणि मोठा पार्ट सांगतो, कारण त्याची मजुरी त्या पार्टमध्येच निघते. आपणच लावलेली सवय आहे ही. काकांकडेच जा, पण गाडी ठेवून निघून येऊ नका. म्हणा, "काका, रॅक काढायच्या आधी मला एकदा खेळ कुठंय ते दाखवा, माझाच हात तिथं ठेवा. बघायला जेवढा वेळ लागेल त्याचे पैसे वेगळे घ्या." जुना माणूस याने दुखावत नाही. तीस वर्षं हात काळे केलेल्या माणसाला कुणीतरी जवळ बसून बघतंय, विचारतंय, याचं अप्रूपच वाटतं. रॅक खरोखर गेला असेल तर ते तुमच्या बोटांना दाखवू शकतील. नाही दाखवता आलं तर रॅक काढायचा नाही, मग ते काका असोत की कंपनीचं वर्कशॉप. वर्कशॉपमध्येही 'टेस्ट ड्राइव्हला मी सोबत येणार' हा हट्ट धरता येतो, धरा.

आणि समजा, रॅकच निघाला. तरी १८ हजार लगेच कबूल करू नका. खेळ रॅकच्या आतल्या दात्यांत आहे, टोकाच्या बुशमध्ये, की रॅक गाडीला धरणाऱ्या रबरी बुशमध्ये, हे विचारा. बऱ्याच छोट्या गाड्यांत हे बुश वेगळे मिळतात. रॅकला खेळ कमी करायचा एक स्क्रू असतो. तो थोडा आवळून आवाज जातो, पण जास्त आवळला तर स्टेअरिंग जड होऊन वळणानंतर मागे येत नाही. त्यामुळे "आवळून दिला" असं कुणी म्हणालं तर तिथेच एक चक्कर मारून स्टेअरिंग सुटसुटीत परत येतं का ते बघून मगच पैसे द्या. रॅकच्या दोन्ही बाजूंना अकॉर्डियनसारखे रबरी बूट असतात, ते फाटलेत का बघा. फाटक्या बुटातून आपल्याकडची काळी धूळ आत जाते, पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि चांगला रॅक वर्ष-दोन वर्षांत खराब करतो. बूट वेळेवर बदलणं ही मोठा खर्च टाळायची सगळ्यात स्वस्त वाट आहे. सोलापूरच्या उन्हात रबर कडक होऊन चिरतंच, म्हणून दर उन्हाळा संपला की खालची सगळी रबरं एकदा टॉर्च मारून बघायची सवय लावा. जुनी गाडी वाजणारच, असं ज्यांनी सांगितलं त्यांनाही हेच उत्तर. वय झालं म्हणून जे कडक होतं, झिजतं, ते बदलता येतं.

विकण्याचा विचार या खडखडीसाठी करू नका. घेणारा चक्कर मारताना हा आवाज ऐकणारच, आणि दुरुस्तीला लागेल त्याच्या कितीतरी पट किंमत तेवढ्यावर पाडून मागणार. नवी गाडी हवी असेल तर ती तुमच्या संसाराच्या हिशेबाने घ्या. पण आवाज गेल्यावर, शांत डोक्याने.

दुरुस्ती झाली की जुना पार्ट मागून घ्या आणि हातात धरून त्याचा सांधा हलवून बघा. झिजलेली लिंक रॉड नव्या दांडीच्या शेजारी धरली की फरक लहान मुलालाही कळतो. लिंक रॉड जोडीनेच बदला, दुसरीही तितकीच चाललेली असते. लिंक रॉड बदलल्यावर अलाइनमेंट लागत नाही, टाय रॉड एंड किंवा रॅक एंड बदलला तर लागतेच. बिलात हे उलटं झालेलं दिसलं तर विचारा. सांध्यांचे नट नवे लावायला सांगा, जुने पुन्हा वापरू नयेत.

नंतर गाडी त्याच उखडलेल्या रस्त्यावर, त्याच पंधरा-वीसच्या वेगाने, काच खाली करून चालवा. गॅरेजसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावरच्या चकरेवर समाधान मानू नका, तिथे ती आधीही गप्पच होती. चाकं काढलेली असतील तर शंभरेक किलोमीटर झाल्यावर चारही चाकांचे नट पुन्हा एकदा पान्याने बघून घ्या. आणि ठक डाव्या बाजूला लागला की उजव्या, ते मला जरूर कळवा.